डाव्या हातावरचा प्रसाद

माझ्या कामावरचा माझाच विश्वास उडत चालला होता. छत्रपती संभाजीनगरातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी समुपदेशक आहे. डॉक्टर जखम शिवतात, सिस्टर औषधं देतात, फिजिओथेरपीवाले पेशंटला पायावर उभं करतात. आणि मी? मी बोलते. सगळे मला 'बोलणाऱ्या मॅडम' म्हणायचे. पेशंट रडू लागला किंवा ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही देईना, की माझी आठवण व्हायची. रोज सकाळी खडकेश्वराच्या महादेवापुढे उभी राहून मी विचारायचे, देवा, यांच्यात माझं खरंच काही काम आहे का?

अशातच वाळूजच्या कारखान्यातले रामकिसन दाखल झाले. प्रेस मशीनमध्ये त्यांचा उजवा पंजा गेला होता. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण माणूस अन्नाला शिवेना. बायकोनं घास पुढे केला की ते भिंतीकडे तोंड फिरवत. सर्जन सर म्हणाले, "मॅडम, समजूत काढा. नाहीतर उद्या नाकातून नळी घालावी लागेल."

"समजूत नाही काढणार, सर. ते का जेवत नाहीत ते आधी शोधणार," मी म्हटलं. सिस्टर एकमेकींकडे बघून हसल्या. बोलून तर बसले, पण दिवसभर रामकिसन माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. तरी मी खुर्ची सोडली नाही.

संध्याकाळी काहीच सुचेना, म्हणून पर्समधला खडीसाखरेचा प्रसाद काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बँडेजमधला हात उचलला, थबकले. मग डावा पुढे केला आणि चटका बसावा तसा मागे ओढला.

"डाव्या हातानं परसाद कसा घिऊ, ताई? अन् जेवू तरी कसं? का आता लेकरावानी बायकोच्या हातानं खाऊ?"

ते हमसून रडू लागले. कारण कळलं होतं. माझेही डोळे भरून आले. मनात म्हटलं, महादेवा, माझं बोलणं संपलं, आता तूच बघ.

तेवढ्यात एक म्हातारी कॉटपाशी आली. सुनेचा बाळंतपणाचा वॉर्ड शोधता शोधता ती आमच्याकडे शिरली होती. तिचा उजवा हात लकव्यानं लुळा पडलेला. प्रसाद दिसताच तिनं डावा तळहात पुढे केला, खडीसाखर कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. रामकिसन बघतच राहिले.

"आजी, डाव्या हातानं?"

"मंग? देवानं ठिवला त्योच हात त्याच्याम्होरं धरते. लई वरसं झाली, अजून रागावला नाय. बाळतिणीचा वार्ड कुठंय गं, बाई?"

तिला वाट दाखवून मी वळले, तर रामकिसनांचा डावा हात पुढे आलेला होता. मी त्यावर खडीसाखर ठेवली; या वेळी तो मागे गेला नाही. रात्री त्याच हातानं ते वरणभात जेवले. निम्मा अंगावर सांडला, पण बायकोला मदत करू दिली नाही.

सकाळी सरांनी नळी रद्द केली. "काय सांगितलंत त्यांना?"

"मी काहीच सांगितलं नाही, सर. पण एक मागते. ज्याचा अवयव काढायचा आहे त्याला शक्य तेव्हा मला आधी भेटू द्या. त्या हातानं, त्या पायानं तो काय काय करत होता, हे मला विचारायचं आहे."

म्हातारीला कोणी धाडलं, यावर मी वाद घालत नाही. महादेवाच्या मनोमन पाया पडते. आपण पाय रोवून बसावं, शब्द संपले तरी उठू नये आणि पुढचं त्याच्यावर सोपवावं, एवढं मला उमजलं. काही दिवसांनी सरांचाच फोन आला.

"मॅडम, उद्या एकाचा पाय काढायचाय. आधी तुम्ही या."