सासऱ्यांची नऊवारी

नऊवारी नेसायला मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. हे सांगितलं की बायका आधी हसतात आणि मग माझ्याकडे संशयाने बघतात, म्हणून पुढचं लगेच सांगून टाकते. माझे सासरे तरुणपणी एका संगीत नाटक मंडळीत बायकांची कामं करायचे. विनोदी नाटकातली ठसकेबाज बायको हे त्यांचं खास काम. नवऱ्याला बोटावर नाचवणारी, भांडता भांडता पद म्हणणारी आणि शेवटी स्वतःच फजीत होणारी. पुढे बोलपट आले, मंडळी बुडाली, आणि या ठसकेबाज बायकोने नाशकात येऊन मिशा वाढवल्या आणि तीस वर्षं कचेरीत कारकुनी केली.

मी लग्न होऊन पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा मामंजी सत्तरीला टेकले होते. माझी पहिली मंगळागौर आली आणि मला पाचवारीच्या पुढे काही येत नव्हतं. सासूबाईंची बोटं सांधेदुखीने आखडलेली. "त्यात काय, मी दाखवतो," मामंजी म्हणाले. त्यांनी स्वतःची दोन धोतरं गाठ मारून जोडली, पायजम्यावर गुंडाळली आणि बघता बघता मिशीवाल्या बाईसारखे समोर उभे राहिले. मला हसू आवरेना. त्यांना हसायला वेळ नव्हता. "सूनबाई, पोट आत घ्या, निऱ्या खोचा, मग श्वास सोडा. निऱ्या श्वासाने बसतात."

"धोतरं कशाला? दोरीवर सासूबाईंचं लुगडं वाळतंय की," मी म्हटलं.

"तिच्या कपड्याला मी हात लावत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं जरा जोरातच ठेवलं.

त्या पातेल्यामागची हकिकत मला पुढे सासूबाईंनी मेथी निवडता निवडता सांगितली. त्यांचं माहेर चांदवडचं. लग्नाला दोनच महिने झाले होते आणि मंडळीचा मुक्काम चांदवडला पडला. जावईबापू सासरी उतरले. पण येताना नाल्याच्या उतारात बैलगाडी कलंडली आणि कपड्यांच्या पेट्या चिखलात गेल्या. खेळ त्याच दिवशी. सासूबाई देवीला गेल्या होत्या. मामंजींनी त्यांची ट्रंक उघडली, लग्नातला डाळिंबी शालू काढला आणि तो नेसून सगळ्या गावापुढे नाचून आले.

सासूबाई खेळाला नव्हत्या. नव्या नवरीने नवऱ्याला बाईच्या वेषात बघायचं नाही, असा त्यांच्या वडिलांचा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मैत्रिणींनी घेरलं. "बये, तुझा शालू काल तुझ्या नवऱ्याने नेसला," एक म्हणाली, "आन् तुझ्यापरीस त्यालाच लय शोभला."

सोळा वर्षांच्या मुलीला आणखी काय बोलायचं बाकी राहिलं? त्यांनी शालू धुऊन, घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला तो ठेवलाच. मुलाच्या लग्नातसुद्धा नेसल्या नाहीत. मामंजींचं एकही नाटक त्यांनी कधी पाहिलं नाही, आणि घरात पदाची नुसती गुणगुण झाली तरी भांडी वाजायची.

"विचारायला वेळ नव्हता गं," मामंजी म्हणायचे.

"विचारायचं डोक्यातच आलं नाही म्हणा," सासूबाई म्हणायच्या. पन्नास वर्षं हा संवाद चालू होता आणि त्यात एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता.

मामंजी तसे हसरे. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करताना आवाज नकळत वर चढवायचे, बसताना मांडीवरचा नसलेला पदर सारखा करायचे. मी थट्टा केली की खूश व्हायचे. एकदा मात्र म्हणाले, "गावोगावच्या लोकांनी मला बघितलं, सूनबाई. पण माझी ती नाटकातली बायको मी उचलली कुणावरून? हिच्यावरून. हिचं ते फणकाऱ्याने वळणं, ते मी स्टेजवर न्यायचो आणि टाळी घ्यायचो. आणि हिनेच तेवढं बघितलं नाही. आता बघणारही नाही."

माझे यजमान सातपूरला एका कारखान्यात लेथवर होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या कामगारांनी वसाहतीच्या स्नेहसंमेलनात जुन्या धर्तीचा संगीत फार्स करायचं ठरवलं. लिहिला त्यांच्यातल्याच एकाने, पेटीवर एक फिटर. भांडखोर आत्याबाईचं काम कुणाला जमेना, तेव्हा यजमानांनी घरी येऊन वडिलांना विचारलं. मामंजींनी दुसऱ्याच दिवशी मिशा काढल्या. सासूबाईंनी त्या उघड्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, चहाचा कप पुढे सरकवला आणि खिडकीकडे तोंड केलं. महिनाभर तालमी झाल्या. "तुम्हीही याल ना?" मी सासूबाईंना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांना ऐकू आलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मामंजी तोंड पाडून घरी आले. भाड्याने कपडे देणाऱ्याने नायलॉनची गुळगुळीत पाचवारी पाठवली होती. "याचा काष्टा घालू की पडदा लावू?" असं म्हणून ते खाटेवर बसले. "सूनबाई, निरोप पाठवा. नाही जमत म्हणावं. म्हाताऱ्याला हौस कशाला हवी."

सासूबाई उठल्या. ट्रंकेचं झाकण करकरलं. जुन्या कापडात गुंडाळलेला शालू त्यांनी आणून माझ्या हातात ठेवला. समोर नवरा बसलेला असताना म्हणाल्या, "दे त्यांना."

मी दिला. मामंजींनी घेतला नाही. ते उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि अलीकडेच थांबले.

"तेव्हा विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "आज विचारतो. नेसू का?"

सासूबाईंनी बराच वेळ ओटा पुसला. आधीच स्वच्छ होता तो. मग म्हणाल्या, "नेसा. पण मी येणार. शालूवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं." आणि पिशवीत सुईदोरा टाकायला मला सांगितलं.

मंडपात आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. पहिली पाळी संपवून आलेले कामगार, त्यांच्या बायका, पोरं. डाळिंबी शालू नेसलेले मामंजी आले आणि सगळा गलका थांबला. त्या वयातही ते देखणे दिसत होते. पद सुरू झालं. वरच्या सुरावर आवाज चिरकला, तो त्यांनी आत्याबाईच्या खोकल्यात असा बेमालूम घातला की लोक आणखीच हसले. पद संपताना फणकाऱ्याने वळले, आणि मी चमकून शेजारी पाहिलं. तेच वळणं मी रोज घरात बघत होते. सासूबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"वन्स मोअर" झाला. मंडळीत वन्स मोअर नाकारायची रीत नव्हती, असं मामंजी नेहमी सांगायचे. पण पेटी सुरू होताच त्यांनी हात वर करून ती थांबवली, निऱ्यांवर हात ठेवला आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. माणसं माना वळवून आमच्याकडे बघायला लागली. सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्यांदा पद झालं. शेवटी ते पहिल्यापेक्षाही जोरात वळले, आणि पन्नास वर्षं घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच फाटलं. मांडीपासून गुडघ्यापर्यंत. आवाज आमच्यापर्यंत आला. लोकांना ते नाटकातलंच वाटलं, ते हसले. मामंजींचं तोंड मात्र पावडरीखाली उतरलेलं मला दिसलं. पुढचं वाक्य त्यांचं होतं आणि ते तोंडातून फुटत नव्हतं.

सासूबाई उभ्या राहिल्या. "बोला पुढे," त्या म्हणाल्या. "थांबताय कशाला?"

मामंजींनी फाटक्यावर पदर घेतला आणि बोलले. पुढचा सगळा प्रवेश तसाच, एका हाताने पदर धरून, रंगवला.

परत येताना कारखान्याच्या बसमध्ये मी मागच्या बाकावर होते. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी अशी वळते?"

"अशीच," मामंजी म्हणाले.

"काहीतरीच." गंगापूर नाक्याच्या पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "चांदवडच्या बाया खोटं बोलत नव्हत्या. तुम्हाला चांगला दिसतो शालू." मामंजींनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मीही पुसले.

त्यानंतर घरात गुणगुण झाली तरी भांडी वाजली नाहीत. चार-पाच वर्षांनी मामंजी गेले. वर्षश्राद्धानंतर मी ट्रंक आवरायला काढली, शालूला ऊन दाखवलं आणि ती लांब चीर पाहून सासूबाईंना विचारलं, "रफू करून घेऊ का? शालिमारजवळ एक चांगला रफूवाला आहे."

त्यांनी शालू माझ्या हातातून घेतला आणि चीर आत जाईल अशी घडी घातली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तेवढं विचारून फाडलंय त्यांनी."