फक्की लागलेली बोटे

कबड्डीचा पंच म्हणून वर्षानुवर्षे मैदानांची धूळ खाल्ली, की किस्से साठत जातात. देव्हाऱ्यात निर्माल्य साठावे तसे. ऐकणारे हसतात. मला मात्र सांगतानाही संताप येतो!

*

सत्तरच्या दशकात पंचपरीक्षेची तोंडी होती. परीक्षकांनी विचारले, "पंचाला सर्वांत आधी काय हवे?"

माझ्या शेजारी भुईगावचे इनास मास्तर बसले होते. म्हणाले, "सायकल! निकाल देऊन पळायला!"

सगळे खदखदून हसले. मी ताडकन उठलो. "समदृष्टी! संत जन्मभर तीच मागत आले."

आम्ही दोघेही उत्तीर्ण झालो. पुढे मला सायकलच अधिक वेळा लागली!

*

मी भजनी मंडळाचा बुवा, म्हणून भुईगावच्या सामन्यापूर्वी यजमान कॅप्टन माझ्या पाया पडला. त्याच्यामागे अख्खी टीम! "आशीर्वाद द्या, बुवा."

मी भडकलो. "पाया पडून गुण मिळत नाहीत! वाकायचेच असेल, तर त्या मध्यरेषेपुढे वाका!"

मास्तर कानाशी पुटपुटले, "बुवा, रागानेही निकाल झुकतो हं."

मी त्यांच्यावरही भडकलो.

*

आचोळ्याची फायनल. शेवटची चढाई पांडूची. हा पांडू आमच्या भजनी मंडळाचा पखवाजवादक. त्याच्यावाचून आमची एकादशी उभी राहत नसे.

चौघांनी त्याला धरून पाडले. दम न सोडता त्याने हात लांबवला आणि बोटे मध्यरेषेला टेकवली. मला स्वच्छ दिसले. तेवढ्यात गर्दीतून कोणी ओरडले, "बुवांचाच मानूस हाय! देतील सोडून!"

मस्तकात तिडीक गेली. मी शिट्टी फुंकली. "बाद!"

पांडू उठला. रेषेच्या फक्कीने पांढरी झालेली बोटे त्याने माझ्यासमोर धरली. त्याची टीम हरली.

परतताना मास्तरांनी विचारले, "बुवा, तो परका असता, तर?"

उत्तर देण्याऐवजी मी त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला!

*

पुढची एकादशी. आज पखवाज मुकाच राहणार, असे समजून मी टाळ उचलले. तोच पांडू आला. कोणाकडे न पाहता बसला, पखवाज पुढ्यात ओढला, कणीक भिजवली आणि घुमारा यावा म्हणून त्याच्या डाव्या तोंडावर थापली.

मग तीच पांढरी बोटे माझ्या डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "बुवा, ही कनीक हाय हां, फक्की नाय. वाजवू?"