सावडीचं पाणी

लातूर जिल्हा वेगळा होऊन वर्षही उलटलं नव्हतं. मुखेडहून निघालेल्या एसटीनं हद्द ओलांडली, तसा कंडक्टर म्हणाला, "आता नवा जिल्हा लागला बघा." मी बाहेर डोकावलो. दुष्काळ तोच होता.

मी नांदेडचा शाळामास्तर. पैसा नसेल तर माणूस इकडची काडी तिकडे करणार नाही, असं लातूरच्या व्याख्यानात ठणकावून सांगणार होतो. भाषण खिशात होतं आणि मान जरा ताठच होती.

जळकोटच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. स्टेपनीही बसलेली निघाली. दुसरी गाडी येईस्तोवर घशाला पाणी तरी मिळेल म्हणून मी रानातल्या एका घराकडे गेलो. शेजारच्या विहिरीवर पंधरावीस माणसं जमली होती. दारातल्या बाईंनी विचारलं, "सावडीला आलाव का?"

आमच्याकडे सावडायला जातात ते चितेची राख गोळा करायला! मी चेहरा पाडून उभा राहिलो. बाईंनी पाण्याचा तांब्या आणला. सुतकाच्या घरचं पाणी कसं घ्यायचं? मी हात जोडून म्हणालो, "नको, राहू द्या."

बाईंचा चेहरा उतरला. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. "आमच्या घरचं चालत न्हाई व्हय?"

"अहो, तसं नाही! पण घरात कोण गेलं तुमच्या?"

बाई बघतच राहिल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या. "अवो पाव्हणं, सावड म्हंजे आज ह्ये माझ्या हिरीचा गाळ काढायलेत, उद्या म्या त्येंच्या रानात. आज झरा मोकळा झाला न्हाई, तर घराला कुलूप लावून लेकीकडं जावं लागतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांब्या एका दमात रिकामा केला आणि मीही दोराला लागलो.

शेजारी धोंडिबा नावाचे म्हातारे ओढत होते. मी विचारलं, "उद्या तुमच्या रानात हे सगळे येणार?"

"मला कुठलं रान? इंचभर न्हाई."

"मग कशाला राबताय?"

"ह्या हिरीवाल्या गयाबाईनं हाक मारली की."

मास्तरची खोड, मी पुन्हा विचारलं. म्हातारा वैतागला. "आज न्हाई आलो तर उद्या कोण हाक मारंल मला? वढा दोर!"

उन्हं कलताना खालून आरोळी आली, "लागलं!" गयाबाई काठावर बसून रडल्या. माझेही डोळे भरून आले, ते लपवायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. निघताना गयाबाईंनी भाकरी-ठेचा बांधून दिला. "तुमची सावड आमच्याकडं राहिली. तुमच्या कामाला कवा येऊ?"

लातूरला मी भाषण खिशातून काढलंच नाही, ही हकीकत सांगितली. नांदेडला परतल्यावर बायकोनं तळहातांवरचे फोड पाहून हळद लावली. तिला सगळं सांगता सांगता मी थबकलो. उद्या अडलो, तर हाक कुणाला मारायची? गावात ओळखी पुष्कळ, पण एकही नाव खात्रीनं घेता येईना. मग एक आलं. जळकोटच्या अलीकडच्या गयाबाई येतील.