माझा रंग, तिचं तोंड

"हाथ सीधा रखो. हिलाना मत."

मेकअपवाल्याने माझा हात मनगटाला धरून तिच्या गालाजवळ नेला. एकदा माझ्या हाताकडे बघितलं, एकदा तिच्या गालाकडे. मग डबीतला तपकिरी रंग कालवला, त्यात थोडा काळा घातला आणि बोटाने माझ्या हातावर ओढून बघितला. रंग दिसेनासा झाला, इतका तो जुळला. तो खूश झाला. "परफेक्ट," म्हणाला, आणि तोच रंग तिच्या तोंडाला फासायला लागला.

ती मुंबईहून आलेली मॉडेल. गोरीपान. मी तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर हात लांब करून बसलेली. घराला रंग काढायचा असला की दुकानदार पुठ्ठ्याचं कार्ड पुढे करतो ना, चौकोनी पट्ट्यांचं, की बघा, यातला कुठला देऊ? ते कार्ड मी होते. थोड्या थोड्या वेळाने तो वळायचा, माझ्या हाताशी रंग जुळवायचा, परत तिच्याकडे. माझ्या तोंडाकडे त्याने बघितलंच नाही.

आणि हे कुठे? माझ्याच पाड्यावर, तलासरी तालुक्यात, उधव्याच्या बाजूला, आमच्याच घरासमोरच्या मोहाच्या झाडाखाली. सगळा पाडा बघायला जमला होता. माझी आई मात्र मागे, हातपंपाजवळ, पदराने डोळे पुसत बसलेली. ती का रडत होती ते सांगायचं तर आधीचं सांगावं लागेल.

मीही मॉडेल आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, पाड्यावरही पहिल्यांदा सगळे हसलेच होते. बारावी तलासरीला केली आणि मग वापीला साड्यांच्या गोदामात घड्या घालायला जायला लागले. तिथे जिग्नेशभाई म्हणून एक फोटोवाले कॅटलॉगचे फोटो काढायला यायचे. एकदा त्यांची ठरलेली मॉडेल आलीच नाही. ते मला म्हणाले, "बेन, जरा नेसून उभी राहते का?" मी उभी राहिले. फोटो निघाले. मोबाईलवर बघितले तर सगळे मानेपासून खाली.

"तोंड?" मी विचारलं.

"डार्क फेस पार्टीला चालत नाही, बेन. साडी डाऊन दिसते."

पार्टी म्हणजे साड्यांचा व्यापारी. असं तोंडावर सांगितलं. माणूस वाईट नव्हता, चहा पाजायचा, वेळेवर सोडायचा. पण तोंड कापायचा.

तरी काम मला आवडलं. का खोटं बोलू, फार आवडलं. कपड्याला स्वभाव असतो हे मला तिथे कळलं. जॉर्जेट पळतं, त्याला धरून ठेवावं लागतं. सुती साडी रुसून उभी राहते, तिला खांद्यावरून हलकेच सोडावी लागते. क्लिक व्हायच्या आधी श्वास सोडायचा, नाहीतर पोट आणि खांदे दोन्ही ताठ दिसतात. किंचित वळलं की जरीवर उजेड येतो. आणि मला तर तोंडच नव्हतं. बाई खुशीत आहे, बाई कुणाची वाट बघतेय, हे सगळं मी खांद्यातून आणि कोपरातून दाखवायला शिकले. जिग्नेशभाई म्हणायचे, बाकीच्या पोरी साडी दाखवतात, तू बाई दाखवते. घरी आल्यावर चुलीपुढेसुद्धा मी उभी राहून बघायची, कुठल्या पायावर वजन टाकलं की कंबर कशी दिसते. आई म्हणायची, "काय लागलंय गं हिला?"

आईला एकदा मोबाईलवर कॅटलॉग दाखवला. तिने बराच वेळ बघितला.

"ही तू?"

"मीच."

"मग तोंड कुठंय?"

"कापलं."

"कोंबडीचं कापतात तसं?"

मी मोबाईल बंद केला.

मग मुंबईचं ते मोठं काम आलं. हातमागाचे कपडे, मातीचे रंग. जिग्नेशभाईंनी माझं नाव दिलं होतं. कंपनीच्या मॅडमने मला व्हिडिओ कॉल केला. माझं तोंड बघून म्हणाली, "बस, यही चेहरा चाहिए. असली चेहरा." मी दोनदा विचारलं, तोंडासकट? ती हसली. "अरे, चेहरे के लिए ही तो ले रहे हैं." मग म्हणाली, तुमच्याकडे मातीची घरं आहेत का? तिथेच शूट करू. मी पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं. बाहेरच्या लोकांना कॅमेरे घेऊन यायला ते सहसा हो म्हणत नाहीत. पण म्हणाले, आपल्या पोरीचा फोटो आहे, येऊ दे. आईने घराचा कूड शेणामातीने नव्याने सारवला. वर गेरू दिला. दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं तिला.

आता हळदीचं. आमच्या पाड्यावर आईच्या वयाच्या बाईचा तोंडाचा फोटो एकदाच निघतो. आधारकार्डाचा सोडा, त्यात माणूस कुठे ओळखू येतं! खरा फोटो लग्नातला. आणि लग्नातला फोटो म्हणजे हळद लागलेलं तोंड. आईने फोटोतली बाई बघितली ती अशीच, पिवळी. त्यामुळे शूटच्या आदल्या दिवशी तिने ओली हळद पाट्यावर वाटली.

"आई, नको गं."

"गप. लगीन व्हायचं तेव्हा होईल. तोंडाचा पहिला फोटो हाय. कोऱ्या तोंडानं जाशील?"

शेजारच्या बाया आल्या. थट्टा सुरू झाली, नवरा कोण म्हणे, तर कॅमेरा! मावशीने लग्नातलं गाणं धरलं. आई म्हणाली, हाताला नका लावू, फोटो तोंडाचा हाय. सगळी हळद माझ्या तोंडाला. आई एवढी हसताना मी कधी बघितली नव्हती. मला नाही म्हणवलं नाही आणि खरं तर म्हणायचंही नव्हतं.

सकाळी साबणाने दोनदा तोंड धुतलं. कपाळावर, कानाशी थोडा पिवळेपणा राहिला. आरशात मला मी छान दिसले.

गाड्या आल्या. मुंबईची ती गोरी मॉडेलही उतरली; मला वाटलं, आम्हा दोघींचे फोटो असतील. मेकअपवाल्याने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "ये पीला क्या है?" मॅडम आली. तिने बघितलं न बघितलं आणि म्हणाली, "हल्दी? ओह नो. अब फेस तो नहीं हो पाएगा." मग आईकडे वळली. "आपने लगाई? आपकी वजह से बेटी का चान्स गया."

आई चिकूच्या वाडीत कामाला जाते, तिथे सगळ्या मुलखाचे लोक असतात, तिला हिंदी कळतं. तिचं तोंड असं झालं की मला अजून ते बघवत नाही. माझा दंड धरून तिने मला हातपंपाशी नेलं. साबण लावला. मग राख. मग नारळाची शेंडी घेऊन घासायला लागली. "जाते. आता जाते. थांब," असं म्हणत घासत होती. कपाळ सोलवटलं, झोंबायला लागलं, पण मी हलले नाही. सगळा पाडा बघत होता. कालच्या गाणाऱ्या बायासुद्धा तिथेच होत्या. आई रडत होती आणि घासत होती. शेवटी मीच तिचा हात धरला.

परत आले तर मॅडम म्हणाली, चल, निदान लाईटसाठी उभी राहा. म्हणजे कॅमेरा आणि उजेड बसवेपर्यंत खऱ्या मॉडेलच्या जागी उन्हात उभं राहायचं. राहिले. मनात म्हटलं, अजूनही वाटलं तर घेतील. उभं राहणं मला येतं. भारा डोक्यावर घेऊन बांधावर थांबलेली बाई कशी उभी राहते, एक पाय सैल, मान ताठ, नजर लांब, तशी राहिले. फोटोवाले सर ओरडले, "यही! यही चाहिए!" माझा जीव सुपाएवढा झाला. सर वळून तिला म्हणाले, "देखो, ऐसे खड़ा होना है."

मग मला तिच्या शेजारी खुर्चीवर बसवलं आणि हात पुढे करायला सांगितलं.

ती पोरगी तशी बरी होती, तिला मी दोष देत नाही. डोळे मिटून रंग लावून घेत होती. मला म्हणाली, "हाथ दुख रहा होगा ना तुम्हारा? सॉरी. ये लोग ना, हर बार ऐसे ही करते हैं. फिटिंग के दिन भी मुझे पूरा दिन बिठाया था."

"फिटिंग?"

"इन्हीं कपड़ों की. दिवाली के पहले हो गई थी."

दिवाळीच्या आधी. मला फोन आला तो दिवाळीनंतर. मी दांडीवर लटकवलेल्या कपड्यांकडे बघितलं. ती माझ्याहून वीतभर उंच, खांद्याला अरुंद. सगळे कपडे तिच्या मापाचे होते. माझ्या अंगाला येईल असं एक पोलकंसुद्धा त्यात नव्हतं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझं तोंड यांना कधी घ्यायचंच नव्हतं. त्यांना पाडा हवा होता, सारवलेली भिंत हवी होती, आणि माझ्यावाचून पाड्यावर कुणी पाऊल ठेवू दिलं नसतं. मला काय सांगायचं याची त्यांना सकाळपर्यंत फिकीर असेल, तेवढ्यात आयती हळद सापडली. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला फसवलंत, एक वेळ ठीक, मी बघून घेतलं असतं. पण माझ्या आईच्या डोक्यावर कसलं पाप टाकलंत रे? ज्या बाईने जन्मात एकदा हौस केली तिला तुम्ही सांगितलंत, तुझ्या हौसेने तुझी पोर बुडाली. एवढं सहज. पाणी प्यावं तितकं सहज.

तेवढ्यात सर आले. मुठीत भाताच्या लोंब्या धरलेले हात, असा एक क्लोजअप हवा होता. तिचे हात बघून त्यांनी मान हलवली. माझ्याकडे बोट केलं. "हाथ इसके लो. मेहनतवाले हाथ हैं. चेहरा उसका, हाथ इसके."

मी उठले.

"नाही."

"क्या नहीं?"

"चेहरा नहीं, तो हाथ भी नहीं."

मॅडम आली. "नखरे मत करो. हल्दी तुम्हारी माँ ने लगाई, हमने नहीं."

मग मात्र माझ्या अंगाची लाही झाली. मी मराठीत बोलले, मोठ्याने, हातपंपापर्यंत जाईल असं. "हे सगळे कपडे तिच्या मापाचे आहेत. दिवाळीच्या आधी शिवलेले. माझं तोंड यांना पहिल्यापासून नको होतं. आई, तुझ्या हळदीने काही झालं नाही!" आणि मॅडमला म्हटलं, "मेरी माँ को बोलो. सबके सामने बोलो."

तिने माझ्याकडे बघितलं. मग वर, सूर्याकडे.

"लाइट जा रही है," म्हणाली. "चलो, चलो."

आईकडे ती गेली नाही. एक वाक्य होतं, जीभ झिजली नसती. मी माझे दोन्ही हात ओढणीत गुंडाळले आणि घरात जाऊन बसले. बाहेर कुडापुढे ती मॉडेल उभी राहिली, मी उभी राहिले होते तशीच. कॅमेऱ्याचे आवाज आत येत होते. पाड्यातले लोक एकेक करून आपापल्या घरी निघून गेले. पण शूटवाल्यांना कुणी हाकललं नाही. आमच्याकडे आलेल्या माणसाला हाकलत नाहीत.

काही दिवसांनी कंपनीचा फोटो आला मोबाईलवर. माझा रंग, माझं उभं राहणं, आईने सारवलेली भिंत, आणि तिचं तोंड. मावशी धावत आली आईकडे, "बघ, तुझी पोर!" आईने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. लगेच परत दिला.

"ही माझी नाय," म्हणाली. "माझ्या पोरीचा चान्स मी घालवला."

किती वेळा सांगितलं तिला. कपड्यांचं सांगितलं, दिवाळीचं सांगितलं, शपथ घातली. हो हो म्हणते. पटत नाही. गाडीतून आलेली बाई खोटं कशाला बोलेल, हे तिच्या हाडात बसलंय. परवा चुलतबहिणीचं लग्न झालं. आई मांडवात गेली, पाणी भरलं, भात रांधला, पण नवरीला हळद लावायला हात पुढे केला नाही. बाया बोलावत होत्या. "माझा हात नको," म्हणाली, आणि मांडवाच्या मागे भांडी घासत बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती घासत होती, मी विसळत होते. हे दुःख माझ्याने निस्तरत नाही, आणि निस्तरेल असं मी म्हणणारही नाही.

गेल्या आठवड्यात जिग्नेशभाईंचा फोन आला. नवीन कॅटलॉग, लग्नसराईच्या साड्या.

"तोंडासकट?" मी विचारलं.

"बेन, तुला माहीत आहे ना. पार्टीला..."

"मग मी नाही."

"दुसरी घ्यावी लागेल मग."

"घ्या. पण तिला आधी सांगा मान कापणार म्हणून. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. गोदामातली एकेक पोरगी मला ओळखते."

त्यांनी फोन ठेवला. ठेवू दे.

हे काम मी सोडणार नाही. लोक म्हणतात, सोड, चिकूच्या वाडीत ये, इज्जतीने जग. का सोडू? उभं राहायला मी शिकलेय, कापड मला कळतं, उजेड मला कळतो. मी गेले तर त्यांचंच फावेल. मी दारात जाऊन उभी राहीन, वापीला, मुंबईला, जिथे फोटो निघतात तिथे. नको म्हणतील, म्हणू दे. दुसऱ्या दारात जाईन. पण यापुढे माझी पाठ, माझा हात, माझा रंग, माझं उभं राहणं, यातलं काहीही सुटं विकायला नाही. घ्यायचं तर तोंडासकट घ्या, आणि माझ्या डोळ्यांत बघून घ्या.