आधी किस्सा, मंग गाना

काशीदादा पाटील रेकॉर्ड फिरायला लावायचे, सुईची दांडी दोन बोटांत उचलून धरायचे आणि तिथेच थांबायचे. ऐकायला जमलेले ताटकळायचे. "आधी किस्सा, मंग गाना," दादा म्हणायचे. "ज्याच्या घरी जेवाला जाता त्याचा नाव इचारता का न्हाय? तसाच हाय हा." किस्सा पुरा झाल्याशिवाय सुई खाली टेकत नसे.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. भिवंडीतल्या एका शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि नारपोलीत दादांच्या चाळीत खोली घेतली. दादा मूळचे मानकोलीचे. तरुणपणी परदेशी जाणाऱ्या बोटींवर इंजिनरूममध्ये होते. परत आले ते एक रेकॉर्ड प्लेअर आणि पेटीभर विलायती रॉक गाण्यांच्या रेकॉर्डी घेऊन. आठवडाभर आमच्या गल्लीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही कळायचं नाही. शुक्रवारी लूम बंद. दुपारची नमाज आटोपली की कारागीर दादांच्या ओटीवर येऊन बसायचे.

इंग्रजी शब्द कुणालाच कळत नसत, पण किस्से तोंडपाठ होते. एका गाण्याच्या सुरुवातीला कुणीतरी खोकतं. दादा सांगायचे, "गानारा तापानं फनफनलेला. तसाच गायाला उभा ऱ्हायला. नंतर रेकॉर्ड कंपनीचा मालक बोलला, खोकला काढून टाका. ढोलवाला बोलला, ऱ्हाऊ द्या, त्याच्याबिगर हा गाना याचा वाटनार न्हाय." दुसऱ्या एका गाण्यात ढोलाच्या जागी पत्र्याची ट्रंक बडवली होती, कारण सामानाची गाडी वाटेत बंद पडली होती. त्यामुळे चाळीत रेकॉर्डींची नावंच पडली होती. "दादा, आज खाँसीवाला लगाओ," अशी फर्माईश व्हायची.

मी एकदा विचारलं, "दादा, हे सगळं खरं असतं?"

जराही न बिचकता ते म्हणाले, "बाय, जो किस्सा निरनिराळ्या बंदरांत सारखा ऐकला, तो खरा. एकाच बंदरात ऐकला, तर तसा सांगून सांगतो. आपल्या पदरचा घालीत न्हाय."

सत्तारभाई हे आझमगढकडचे कारागीर. त्यांचा धाकटा मुलगा गावी तापाने गेला. हे पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. परत आल्यावर ते कुणाशी बोलेनात. दादांनीच त्यांना हाताला धरून ओटीवर आणून बसवलं आणि एक संथ गाणं लावलं. त्यात गाणारा एका मुलीला पुन्हा पुन्हा हाक मारतो. किस्सा असा, की त्याची लेक वारली, तो दौऱ्यावर होता, तिचं तोंडही दिसलं नाही. तिच्यासाठी हे गाणं. सत्तारभाईंनी ते ऐकलं आणि गावाहून आल्यापासून पहिल्यांदा रडले. मग दर शुक्रवारी ते त्याच गाण्यासाठी यायला लागले.

पुढे दादांचा बोटीवरचा जुना सोबती पीटर भेटायला आला. त्या गाण्याचा किस्सा ऐकताच तो खो खो हसत सुटला. "काश्या, लेक कुठली? गाडी रे, गाडी! त्याची जुनी मोटार. तिला तो पोरीच्या नावानं हाक मारायचा. विकावी लागली म्हणून गाणं केलं. त्यानं स्वतः सांगितलेलं रेडिओवर ऐकलंय मी."

दादांचा चेहरा उतरला. हा किस्सा त्यांनी एकाच बंदरात ऐकला होता, आणि सत्तारभाईंना ते सांगायचं राहून गेलं होतं.

"सत्तारभाईंना सांगू नका," मी म्हटलं. "त्यांचा तेवढाच आधार आहे."

"सांगाया लागंल," दादा म्हणाले.

शुक्रवारी ओटी भरली. दादांनी रेकॉर्डला हातही लावला नाही. सत्तारभाईंसमोर मांडी घालून बसले. "भाई, मुझसे गलती हुआ. वो लडकी का गाना नहीं है. मोटर का है. मोटर बेचा, इसलिए रोता है."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सत्तारभाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हे उठून जाणार, परत येणार नाहीत.

"मोटर?" ते म्हणाले.

"हां. मोटर."

"एक मोटर के लिए इतना रोया वो?" सत्तारभाईंनी मान वर केली. "तो फिर मैं कम रोया, काशीभाई."

आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. मुलाचं नाव अन्वर होतं. तो गावी घरच्या हातमागाखाली बसून तुटलेले धागे गोळा करायचा आणि त्यांचे चेंडू वळायचा. आंबट कैरी खाताना एक डोळा मिटायचा. कधी न बोलणारा माणूस तासभर बोलत होता. दादा मधूनमधून एवढंच विचारत, "मंग?" शेवटी सत्तारभाई स्वतःच म्हणाले, "अब लगाओ."

संध्याकाळी ओटी झाडताना मी दादांना विचारलं, "त्यांनी मनाला लावून घेतलं असतं तर?"

"घेतला असता तर घेतला असता," दादा म्हणाले. "पन बाय, आपल्या पोरासाठी रडाला त्या गोऱ्याची लेक कशाला उसनी घ्याची? त्याचा सोताचा पोर होता ना!"

त्यानंतर कुणी नवा माणूस आला, की त्या गाण्याच्या वेळी दादा दांडी उचलून धरत आणि शेजारी बसलेल्या सत्तारभाईंकडे बघत. "ह्याचा किस्सा ते सांगतील," म्हणत. सत्तारभाई घसा खाकरत आणि सुरू करत, "एक था अन्वर..."