दोघांचीच छकडी

पुतण्यानं मोबाईलवर उघडी, दोन सीटची लाल गाडी दाखवली. "काकू, इले स्पायडर म्हंतेत." हे नाव म्हणे जुन्या घोडागाडीचं; तिची बारीक आऱ्यांची चाकं कोळ्याच्या पायांसारखी दिसायची.

बारीक आरे ऐकले आणि मला चाकाच्या वंगणाचा वास आला. माझ्या लग्नाआधीची गोष्ट; शिरपूरच्या बाजारातून मी आमच्या बैलबंडीत, वांग्यांच्या रिकाम्या टोपल्यांत बसून परतत होते. मागून बारीक आऱ्यांची, हलकी छकडी आली. मला लग्नासाठी पाहून गेलेला आणि नकार कळवलेला माणूस ती हाकत होता, आणि शेजारी माझी मैत्रीण विमल, त्याची नवी बायको.

"तुलेबी घेतलं असतं वं," ती म्हणाली, "पण दोघाचीच हाये."

छकडी पुढे गेली. धूळ अजून दातांत कचकचते.

ज्यानं स्पायडर नाव दिलं, त्यानं नुसती चाकंच पाहिली; वर कोण बसलंय ते नाही.