सातव्या खांबापाशी कोण?

लोकांना वाटतं, एवढाल्या हॉलचा आतून फोटो काढायचा म्हणजे ट्रकभर दिवे लागत असतील. छे हो! बारक्याकडे एकच फ्लॅश होता, आणि एक ताई. पन्नाशी उलटली तरी घरात तो बारक्याच, आणि ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. ‘माणसं हलतात, भिंती हलत नाहीत,’ असं म्हणत त्याने लग्नाचे फोटो सोडले आणि सभागृहं, ग्रंथालयं टिपायला घेतली. तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, फ्लॅश ताईच्याच हातात.

पद्धत साधी. भरदुपारी सगळे पडदे ओढून काळोख करायचा, कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा आणि शटर उघडं ठेवायचं. मग ताई अंगभर काळे कपडे घालून एकेका खांबाच्या आड जाणार, भिंतीकडे तोंड करून फ्लॅश उडवणार, की निघाली पुढच्या खांबाकडे. अंधारात चालणारी ताई फोटोत येत नाही, तिने टाकलेला उजेड तेवढा येतो. दोन मिनिटांत अख्खा हॉल एका फोटोत लख्ख! नाव अर्थात बारक्याचं.

ग्रंथालयाच्या नव्या वाचनदालनाचा फोटो दारापाशी भिंतभर लागायचा होता. कार्यकारिणी जमली, फोटो उलगडला, आणि सातव्या खांबापाशी एक पांढुरकी आकृती! कोणीतरी वाकलेलं.

“हे काय?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

बारक्याने नीट पाहिलंसुद्धा नाही. “ताईचं वय झालं आता,” तो हसत म्हणाला. “चुकतं तिचं. पुढच्या वेळेपासून दुसरं कोणीतरी बघतो.”

ताई तिथेच, त्याच्या मागे खुर्चीत बसली होती. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. घरी जाताना एवढंच म्हणाली, “दुसरं कोणीतरी बघच.”

घरी आल्यावर त्याने फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. आकृतीच्या डोक्यावर चांगलं बशीएवढं टक्कल होतं! त्याचा हात आपसूक स्वतःच्या डोक्यावर गेला आणि त्याला सगळं आठवलं. त्या दिवशी एक खुर्ची तिरकी दिसली होती. ताई अजून लांब आहे, तेवढ्यात सरळ करून येऊ म्हणून कॅमेरा सोडून तोच अंधारात धावला होता. उजेड पडला तेव्हा आपण खांबाआड आहोत, असं त्याला खुशाल वाटलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. चहा गार झाला, तरी तो पडद्यासमोरून उठेना.

संध्याकाळी तो ताईच्या दारात उभा राहिला. ताई भाजी निवडत होती.

“ताई, तो मी होतो.”

“माहितेय. फ्लॅश मीच उडवला ना? दिसलास मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“चारचौघांत तुझी काय पत राहिली असती?” तिने वर न बघताच विचारलं.

त्याला रडूच कोसळलं. नाक पुसत त्याने फोन काढला. ‘आत्ताच सांगतो, तुझ्यासमोर,’ म्हणाला. ताई ‘अरे, राहू दे’ म्हणते आहे, तोवर त्याने अध्यक्षबाईंना लावलाही, आणि तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

“बाई, फोटोत ताई नाही. मी आहे. चूक माझी होती.”

मग अध्यक्षबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, ते आम्हाला तेव्हाच दिसलं होतं. सगळ्यांनाच. मी बोलणार होते, पण ताईंनी तुमच्यामागून हात जोडले.”

बारक्याने फोन बंद केला. ताईकडे बघायची त्याची छाती झाली नाही.